चौकोनी कापड, सरळ टीप

गोधडी, दुपटं, बटवा, उशीचा अभ्रा, बाजाराची पिशवी, देवापुढचं आसन, दारावरचं तोरण. घरी शिवल्या जाणाऱ्या या वस्तू उसवून सतरंजीवर मांडल्या, तर चौकोन, लांब पट्ट्या आणि थोडे त्रिकोण एवढंच हाती लागतं. बाळाची कुंची दिसायला केवढी नाजूक, पण तीही उसवली की दोन आयत निघतात. मुंढ्याचा गोल, गळ्याचं वळण, कटोरीचा उठाव यांतलं काहीही या वस्तूंत नसतं. ज्याला कापडावर सरळ रेघ आखता येते आणि त्या रेघेवरून टीप घालता येते, त्याला यातली प्रत्येक वस्तू घरी करता येते.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की शिवण शिकायचं म्हटलं की आपल्याकडे अनेक जणी थेट ब्लाउजला हात घालतात. ब्लाउज हे घरगुती शिवणातलं फार अवघड काम. तो अंगावर चापूनचोपून बसावा लागतो, त्याची मापं अनेक ठिकाणची असतात आणि अर्ध्या इंचाची चूकही लगेच नजरेत भरते. दोन-तीन ब्लाउज बिघडले की शिवणच आपल्याला जमत नाही असा समज होतो आणि मशीन कोपऱ्यात जातं. अभ्रा किंवा तोरण मात्र पाव इंच इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. म्हणून घरच्या माणसांसाठी आणि सणासुदीसाठी शिवायला लागायचं, तर ती सुरुवात आपल्या जुन्या, सरळ रेषेच्या वस्तूंपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

कापड चौकोनी का राहिलं

मागावर ताण्याचे उभे धागे ताणून बसवतात आणि त्यांतून बाण्याचा आडवा धागा ये-जा करतो. त्यामुळे मागावरून कापड निघतं तेच काटकोनात. सूत हाताने कातलं जाई आणि हातमागावर विणलं जाई, त्या काळात कापड ही मोलाची वस्तू होती. गोल कापला की कोपरे वाया जातात, आणि असे कोपरे फेकणं परवडणारं नव्हतं. साडी, धोतर, उपरणं, पंचा ही वस्त्रं तर कात्री न लावताच नेसली-पांघरली गेली. नऊवारी साडी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास अखंड कापड. जिथे शिवण लागलं, तिथेही कापड शक्य तितकं चौकोनीच ठेवलं गेलं. मुलींचा परकर म्हणजे एक लांबलचक आयत, त्याला वर चुण्या आणि नेफा.

खण हे याचं सुंदर उदाहरण आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे गाव खणाच्या विणकामासाठी नावाजलेलं. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद, अंगभर बारीक नक्षी आणि दोन्ही कडांना काठ. एका चोळीला पुरेल एवढाच तुकडा, म्हणून तर देवीची ओटी भरताना त्याची त्रिकोणी घडी सहज हातात मावते. विणकराने वापर आधी डोळ्यांसमोर ठेवला आणि मगच कापडाचं माप ठरवलं.

सरळ कापलेल्या तुकड्याचा आणखी एक फायदा नवशिक्याच्या कामी येतो. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढलं तर कापड फारसं ताणत नाही. तिरकं ओढलं की मात्र दोन्ही धागे एकमेकांवरून सरकतात आणि कापड लोंबतं. गळ्यासारख्या गोल भागात कापडाची कड क्षणोक्षणी दिशा बदलते, म्हणून तिथे हात बसलेला लागतो. चौकोनाच्या चारही कडा धाग्याच्या दिशेने असतात. त्या स्वतःहून आकार धरून राहतात, त्यामुळे पहिल्या प्रयत्नातही वस्तू नीटनेटकी दिसते.

कपाटातलं कापड

यासाठी दुकानात जायची गरज क्वचितच पडते. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, लग्नकार्यात ओटीत आलेले ब्लाउजपीस घरोघरी साठलेले असतात. विरलेल्या सुती साड्या असतात, त्यांचे काठ मात्र शाबूत असतात. कॉलर झिजलेले सुती शर्ट, मधोमध फाटलेल्या चादरी, हे सगळं उत्तम साहित्य आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं, आटायचं तेवढं आटून झालेलं आणि रंग सोडायचा तेवढा सोडून मोकळं झालेलं कापड नव्या कापडापेक्षा भरवशाचं.

नवं सुती कापड असेल तर ते बेतण्याआधी धुवायलाच हवं. विणताना सूत ताणाखाली असतं, पाणी लागलं की ते सैल होऊन मूळ लांबीकडे परततं. मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर कापड आटणं काही नवल नाही. न धुता शिवलेल्या वस्तूत अस्तर एका प्रमाणात आटतं आणि वरचं कापड दुसऱ्या, मग पहिल्याच धुण्यात वस्तूला कायमचा चुरगळा पडतो. गडद लाल, मरून, निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्या किंवा फिक्या रंगाशेजारी जोडू नका.

धुऊन, इस्त्री करून झालं की कापड सरळ करायचं. दुकानात फाडलेला किंवा कापलेला तुकडा अनेकदा तिरका असतो. कडेजवळचा एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढला की कापडावर बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर कात्री चालवली की कड अचूक धाग्यात येते. मग आधी कागदावर चौकोन आखून बेत ठरवावा, काठ कुठे दिसायला हवा ते पाहावं आणि त्यानंतरच खडूने कापडावर खुणा कराव्यात. या लेखातल्या प्रत्येक मापात शिवणीची माया अर्धा इंच धरली आहे. खणाचे धागे कडेला भराभर सुटतात, म्हणून खणाला माया अर्ध्या इंचाहून कमी सोडू नये.

टाका कसा बसतो

हाताने शिवायला तीन टाके पुरतात. सुई खालीवर जात पुढे सरकते तो धावदोरा. गोधडीसाठी आणि चुण्यांसाठी तो वापरतात. प्रत्येक टाक्याला एक पाऊल मागे येऊन पुढे जाणारी ती उलटी टीप. तिच्यात दोरा दुहेरी पडतो, म्हणून पिशवीचे बंद, बटव्याच्या बाजू अशा ताण सोसणाऱ्या जागी तीच हवी. आणि कडेची दुमड न दिसता बसवायला हेम. मशीन नसलेल्या घरातही एवढ्यावर सगळं काम होतं.

मशीनची करामत सुईच्या डोळ्यात आहे. हाताची सुई कापडातून आरपार जाते, म्हणून तिचा डोळा मागच्या टोकाला. मशीनच्या सुईचं फक्त टोक कापडातून खाली उतरतं आणि परत वर येतं, म्हणून डोळाही टोकाजवळ. सुई वर येऊ लागली की खाली दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. वरचा आणि खालचा असे दोन दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एलिअस होव यांनी अशा टाक्याच्या यंत्राचं पेटंट १८४६ मध्ये मिळवलं आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या सुधारित यंत्राचं. यंत्रांच्या अतिरेकाबद्दल सावध असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. माणसाचे कष्ट हलके करणारं ते यंत्र आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे दोन दोरे समजले की मशीनच्या निम्म्या तक्रारी घरीच सुटतात. टीप घातल्यावर वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल, तर वरचा ताण जास्त आहे. तो थोडा सैल करा. खाली वरच्या दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर वरचा दोरा नीट ओवलेला नाही किंवा ताण कमी आहे. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, मलमलीला किंवा पातळ रेशमी कापडाला ११ नंबरची आणि अनेक थर असतील तिथे १६ नंबरची. टाक्याची लांबी एरवी अडीच मिलिमीटर, जाड थरांवर तीन ते साडेतीन. खरं शिवण सुरू करण्यापूर्वी त्याच कापडाच्या चिंधीवर, तितकेच थर घेऊन, वीतभर टीप मारून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पहिली वस्तू : उशीचा अभ्रा

सुरुवात अभ्र्यापासून करावी, कारण त्यात सरळ टीपेशिवाय दुसरं काही नाही. आपल्याकडची नेहमीची उशी १७ बाय २७ इंचांची असते. तिच्यासाठी १९ इंच रुंद आणि ६४ इंच लांब अशी एकच पट्टी घ्या. ६४ इंचांत अभ्र्याच्या दोन बाजूंचे २८-२८ इंच, उशी आत अडकवणाऱ्या घडीचे ६ इंच आणि दोन्ही टोकांच्या दुमडीचा एकेक इंच येतो.

दोन्ही आखूड टोकं दुमडून टीप घाला. पट्टी उलट बाजू वर करून पसरा. एका टोकाचे ६ इंच आत घडी करा, मग दुसरं टोक त्या घडीच्या काठापर्यंत आणून वर पालथं घाला. दोन्ही लांब बाजूंना अगदी कडेने, पाव इंच आत टीप मारा. आता अभ्रा उलटवा, कोपरे बाहेर काढा आणि त्याच बाजूंना पुन्हा पाव इंचावर टीप मारा. कापलेल्या कडा या दोन टीपांच्या मध्ये कायमच्या बंद होतात. दुसऱ्या टीपेनंतर अभ्रा पुन्हा उलटवला की सुलट बाजू वर येते. बटण नाही, काज नाही, नाडी नाही. जुन्या साडीचा काठ उघड्या टोकाशी येईल असा बेत केला तर अभ्रा फार देखणा दिसतो.

वाणासाठी बटवा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं असतं. प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्यांऐवजी खणाचा बटवा दिला, तर तो वर्षानुवर्षं वापरात राहतो. एका ब्लाउजपीसमधून दोन-तीन बटवे सहज निघतात.

वरचं कापड ८ बाय २० इंच आणि अस्तर तेवढंच. दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून फक्त दोन्ही आखूड टोकांना टीप घाला. कापडाचं एक कडं तयार होईल. ते असं फिरवा की दोन्ही टीपा मधोमध एकमेकींवर येतील. एका अंगाला खणाची घडी, दुसऱ्या अंगाला अस्तराची. आता दोन्ही लांब बाजू शिवायच्या, पण दोन जागा मोकळ्या ठेवून. खणाच्या भागात मधल्या टीपेपासून दीड इंच सोडून पुढचा पाऊण इंच दोन्ही बाजूंना उघडा ठेवा, तिथून नाडी जाणार आहे. अस्तराच्या एका बाजूला तीन इंच उघडे ठेवा, तिथून बटवा उलटवायचा आहे. उलटवून झालं की अस्तराचं तोंड हेमने बंद करा, अस्तर आत ढकला आणि नाडीच्या भोकाच्या वर आणि खाली गोल फिरून दोन टीपा घाला. नेफा तयार झाला. २२-२२ इंचांच्या दोन नाड्या समोरासमोरच्या भोकांतून ओवा. एक डावीकडून शिरून पूर्ण फिरून डावीकडेच बाहेर, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड मिटतं. सात इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच असा बटवा होतो.

दारावरचं तोरण

२०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, आणि गणपतीच्या मखरासाठी कापडाकडे नव्याने लक्ष गेलं. कापडाची सजावट दरवर्षी घडी घालून ठेवता येते, धुता येते आणि विसर्जनानंतर तिचा कचरा होत नाही. त्यातली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे तोरण. गणपतीत मखरावर, नवरात्रात देव्हाऱ्यावर, दिवाळीत दारावर, पाडव्याला पुन्हा दारावर, असं एकच तोरण वर्षभर फिरतं.

तीन फुटांच्या दाराला चौकटीसह ४० इंचांचं तोरण बरोबर बसतं. खणाचे ८ इंचांचे नऊ चौकोन कापा, दोन रंगांचे आलटून पालटून घेतले तर उत्तम. प्रत्येक चौकोन उलट बाजू आत ठेवून कर्णावर दुमडा, म्हणजे त्रिकोण होईल. तो त्रिकोण पुन्हा मधोमध दुमडा, असा की सगळ्या कापलेल्या कडा एकाच बाजूला येतील. इस्त्री करा. आता पाया ८ इंचांचा आणि खाली टोक ४ इंच उतरलेलं, असं पान तयार झालं. उरलेल्या दोन्ही बाजू घडीच्या आहेत, त्यामुळे त्यांना दुमडायचं किंवा शिवायचं कामच नाही. कापड दुमडण्यानेच कड बंद होणं, हीच या तोरणाची सगळी युक्ती आहे.

वरच्या पट्टीसाठी ४१ बाय ५ इंचांचं कापड घ्या. ती सुलट बाजू वर ठेवून पसरा आणि दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा इंच सोडून एका लांब कडेवर पानं मांडा. पानाची कापलेली बाजू पट्टीच्या कडेला लागून हवी. प्रत्येक पान आधीच्या पानापासून ४ इंच पुढे, म्हणजे अर्धं अर्ध्यावर. नऊ पानं बरोबर ४० इंचांत बसतात. आधी कच्चे टाके घाला, मग अर्ध्या इंचावर टीप. प्रत्येक पानात कापडाचे चार थर आहेत आणि पानं एकमेकांवर चढलेली आहेत, म्हणून पट्टी धरून सुईखाली नऊ थर येतात. इथे १६ नंबरची सुई लावा आणि मशीन सावकाश चालवा. अवघड वाटलं तर मशीनचं चाक हाताने फिरवत पुढे जा. मग पट्टीची टोकं आत दुमडा, वरची कड अर्धा इंच दुमडून मागे आणा, टीप झाकली जाईल अशी बसवा आणि हेम घाला. दोन इंचांची पट्टी आणि खाली साडेतीन इंचांची पानं असं तोरण तयार होतं. पट्टीची दोन्ही टोकं उघडी ठेवली तर तिच्यातून बांबूची काडी किंवा पडद्याची तार ओवता येते आणि तोरण मधे झोळ न खाता ताठ राहतं.

पानांच्या टोकांना लोकरीचे गोंडे किंवा आरसे लावायचे असतील तर ते पट्टीला जोडण्याआधीच लावा. दिवाळीत पणत्या तोरणाच्या थेट खाली ठेवू नका. आजकाल मिळणारा बराचसा खण पॉलिएस्टरचा असतो आणि तो आच लागली की वितळतो. त्याच कारणाने त्यावर इस्त्री फिरवताना वर सुती रुमाल घालावा.

याच पद्धतीने पुढच्या वस्तू आपोआप सुचतात. दोन चौकोन, मधे जुन्या टॉवेलचा थर आणि चारही बाजूंना काठ, की पूजेचं आसन. जुन्या जरीकाठी साडीच्या वरच्या कडेला नेफा घातला की मखरामागचा पडदा. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. त्या बैलाची झूल म्हणजे वीतभर चौकोन, कडेला धावदोरा आणि चार गोंडे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सुई धरायला शिकवण्यासाठी याहून चांगलं निमित्त नाही.

बाळाची कुंची

बारशाला बाळाला कुंची घालायची रीत आपल्याकडे जुनी. डोक्यावर टोपडं आणि त्यालाच जोडून पाठीवर उतरणारा झगा, एवढीच तिची रचना.

एका खांद्यापासून डोक्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप फिरवून माप घ्या आणि त्यात दोन इंच मिळवा. ही टोपड्याची लांबी. खोली साडेसात इंच. हा आयत खणाचा एक आणि मऊ मलमलीच्या अस्तराचा एक असे दोन कापा. चेहऱ्याकडची लांब कड अस्तरासह शिवून सुलट करा, मग टोपडं मधोमध दुमडून मागची बाजू शिवा. खाली मानेची कड तयार होईल, साधारण १३ इंचांची. झग्यासाठी २८ बाय १५ इंचांचा आयत अस्तरासह घ्या, त्याच्या बाजू आणि खालची कड दुमडून घ्या. वरच्या कडेला धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून दोरे ओढा, म्हणजे चुण्या पडून ती कडही १३ इंचांची होईल. दोन्ही मानेशी जोडली की कुंची झाली.

इथे काही गोष्टी कटाक्षाने पाळायच्या. जर आणि खणाची उलट बाजू बाळाच्या त्वचेला टोचते, म्हणून अस्तर सगळीकडे हवं. मोती, टिकल्या, घुंगरू, सुटे मणी लावू नयेत. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि सुटलेला एक मणी घशात अडकायला पुरतो. गळ्याशी लांब नाड्या नकोत, आखूड सुती बंद पुरेत. आणि कुंची समारंभापुरतीच. बाळ झोपलं की ती काढून ठेवायची.

गोधडी

सरळ टीपेचा सगळ्यांत मोठा आविष्कार म्हणजे गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळही म्हणतात. जुन्या कापडांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने ते एकजीव करायचे, एवढंच तिचं तंत्र. तिची ऊब कापडात कमी आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. ती हवा हलू शकत नाही, म्हणून अंगाची उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. टाके थरांना जागच्या जागी धरतात, त्यामुळे धुतली तरी गोधडी आत गोळा होत नाही.

बाळासाठी गोधडी करायची तर एक मऊ झालेली सुती गोल साडी पुरते. साडी साधारण साडेपाच मीटर असते. तिचे काठ आधी उतरवून ठेवा आणि साडी पाच सारख्या भागांत कापा. पाच थर मिळतात. एक वर, एक खाली, तीन मधे. जमिनीवर सतरंजी पसरून तिच्यावर एकेक थर अंथरा, प्रत्येक थर हाताने मध्यापासून कडेकडे सपाट करत न्या. मग लांब कच्चे टाके घाला, तेही मध्यापासून बाहेर. मधे राहिलेली हवा आणि सुरकुती कडेला निघून जायला हवी. कच्चे टाके घाईने घातले तर पुढे कितीही सुबक शिवलं तरी मधे फुगवटा येतो.

वरच्या थरावर चौकोनी तुकड्यांची नक्षी करायची असेल तर तुकडे आधी एकमेकांना जोडून घ्या. मग पक्के टाके. जाड दोरा, लांब सुई आणि बोटात अंगुस्तान. कडेने सुरू करून आत आत जाणाऱ्या चौकोनी फेऱ्या ही आपल्याकडची जुनी पद्धत. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं, तर ४० बाय ४२ इंचांच्या गोधडीत चाळीस मीटरहून जास्त लांबीचा धावदोरा पडतो. हे काम एका बैठकीचं नाही. रोज दोन-चार ओळी घातल्या तरी चालतं, आणि घरातल्या दोघी-तिघी चार बाजूंनी बसल्या तर ते भराभर पुढे सरकतं. शेवटी उतरवून ठेवलेल्या काठाने चारही कडा बांधून घ्या. लहान बाळासाठी ही गोधडी अंगाखाली अंथरायला वापरावी. झोपेत तोंडावर येईल असं पांघरूण तान्ह्या बाळाच्या अंगावर घालू नये.

याच कलेचं एक देखणं रूप कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. तिथल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांचे रंगीत तुकडे मूळ कापडावर लावत ‘कवंद’ नावाच्या गोधड्या शिवतात. कामाला सुरुवात कोपऱ्यापासून होते आणि तुकडे जोडत जोडत त्या मध्याकडे येतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुलं’ बसवतात. फुलांशिवाय कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आपल्या तोरणाचं पान आणि कवंदीचं फूल, दोन्हींची जात एकच. चौकोन दुमडून केलेला त्रिकोण.

उसवता येणारं शिवण

मापात शिवलेला कपडा एका माणसाचा, एका वयाचा असतो. तो होईनासा झाला की त्याच्या मुंढ्याच्या आणि गळ्याच्या तुकड्यांतून दुसरं काही निघणं कठीण. चौकोनांतून शिवलेल्या वस्तूचं तसं नाही. कुंची लहान झाली की ती उसवा, झग्याच्या आयतातून एक बटवा निघतो आणि टोपड्याच्या तुकड्यातून तोरणाची पानं. अभ्रा मधे विरला तर त्याच्या मजबूत कडांतून पिशवीचे बंद होतात. तोरणाचा रंग उडाला की त्याचे चौकोन गोधडीच्या वरच्या थरात जातात. म्हणून घरी शिवताना टीप मजबूत घालावी, पण कापड मायेत कंजुषी न करता आणि शक्य तितकं अखंड ठेवून बेतावं. पुढच्या वस्तूला तेच लागणार आहे.

यंदा एखादा सण निवडा, कपाटातली एखादी जुनी चादर आणि दोन ब्लाउजपीस काढा आणि आधी अभ्रा, मग बटवा, मग तोरण अशा क्रमाने शिवत जा. तोरणापर्यंत हात बसलेला असेल. मग साठलेल्या चिंध्या एका पिशवीत जमवायला लागा, कारण वर्षाअखेरीस गोधडीला पुरतील एवढे तुकडे घरातच जमलेले असतील.